रकान्यातलं शून्य

मी कॉम्प्युटर शिकले पेणच्या बाजारपेठेत, एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर. चार मशीन आणि पंधरा पोरं. खोलीला एसी होता, पण तो आमच्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता. चपला खाली जिन्यात काढायच्या, हात धुऊन यायचं आणि आत हळू आवाजात बोलायचं. देवळातही आम्ही इतके शहाण्यासारखे वागत नव्हतो. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, कॉम्प्युटर कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं आणि पुढे रोह्याला नोकरीत ते इतक्यांना ऐकवलं, की लोक मला त्यावरून चिडवायला लागले. आज कुणी ते वाक्य माझ्यासमोर म्हटलं तर माझं डोकं फिरतं.

घर आमचं जोह्याला. वडील गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे. त्यांच्या नखांतला रंग आषाढापासून भाद्रपदापर्यंत निघायचा नाही, त्याच हातांनी ते जेवायचे आणि त्याच हातांनी आम्हाला भरवायचे. रंगाने माणसाला काही होतं असं कुणी म्हणालं असतं तर आईने त्याला वेड्यात काढलं असतं. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर रोह्याच्या एका रंगाच्या कंपनीत मला तीन महिन्यांचं काम मिळालं, तेव्हा घरात वाटलं, पोरगी आपल्याच धंद्यात चालली. काम चांगलं झालं तर परमनंट करू, असं कंपनीच्या पर्सोनेल साहेबांनी सांगितलं होतं. मी तेवढंच ऐकलं.

जोह्याहून पेण, पेणहून रोह्याची एसटी. वडखळ, नागोठणं, खांब, कोलाड असं करत ती धक्के खात जायची. मला पेणला जागा मिळायची. खांबला गाडी भरून वाहायला लागायची आणि तिथे एक काका चढायचे, आमच्याच कंपनीत टेंपररी होते. पहिल्या आठवड्यात ते मला म्हणाले, "तूच ना गो ती कॉम्प्युटरवाली?" तेव्हापासून मी शेजारच्या सीटवर रुमाल टाकून त्यांची जागा धरायला लागले. चाळिशीतला माणूस, काटक, बोलका. डब्यातल्या भाकरीचा एक तुकडा मला दिल्याशिवाय ते डबा पिशवीत ठेवत नसत. हे सगळं लिहायला मी बसले आहे ते त्यांच्या हातांसाठी.

काका यार्डात गोण्या उचलायचे. त्याआधी चार वर्षं ते वडखळच्या बाजूला एका शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत होते. इथे त्यांना एकच हवं होतं, परमनंट व्हायचं. त्याची वाट पिवळ्या प्लांटमधून जायची. टेंपररी माणसाने तिथे सहा महिने काढले की त्याला कायम करायचे, कारण तिथे जायला फार कुणी राजी नसायचं. "एकदा आत घेतला की झाला," काका म्हणायचे. "पण मला घेतच नायत. डॉक्टर म्हणतो, थांब जरा."

पिवळ्या प्लांटमध्ये शिशापासून पिवळा रंग व्हायचा. तिथला माणूस गेटबाहेर पडला तरी ओळखू यायचा, भुवया पिवळ्या. ती भुकटी नाकातोंडातून आत जाते, रक्तात उतरते आणि साठते. म्हणून दर चार महिन्यांनी सगळ्यांचं रक्त तपासायला मुंबईला जायचं. आकडा चाळिसाच्या वर गेला की माणूस प्लांटमधून बाहेर, यार्डात. ज्याचा कमी, तो आत. बाहेरच्याचं रक्त निवळलं की त्याची पुन्हा पाळी. कोण आत आणि कोण बाहेर ते कंपनीचा कंपाउंडर आपल्या रजिस्टरावरून सांगायचा आणि आठवड्यातून एकदा येणारा डॉक्टर सही करायचा.

हे रजिस्टर आता कॉम्प्युटरात जायचं होतं. माझ्या आधी एका म्हाताऱ्या टायपिस्टने त्यातलं सगळं टाइप करून ठेवलं होतं, इंग्रजी अक्षरांत. एका ओळीत एक माणूस. नाव, टोकन नंबर, जन्मतारीख, तपासणीची तारीख, रक्ताचा आकडा, मध्ये स्वल्पविराम. त्याने इमानेइतबारे, रजिस्टरात होतं ते जसंच्या तसं उतरवलं होतं. पण तो नुसता मजकूर होता. कॉम्प्युटरच्या लेखी त्यातला चाळीस आणि त्यातला गणपत यांत काही फरक नव्हता, दोन्ही अक्षरंच. मजकुरातून मोठा कोण, लहान कोण ते निघत नाही. माझं काम होतं त्या ओळी फोडून प्रत्येक गोष्ट तिच्या जातीच्या रकान्यात बसवायची. नाव अक्षरांच्या रकान्यात, तारीख तारखेच्या, आकडा अंकांच्या. एकदा ती तशी बसली, की मशीन एका मिनिटात चढती यादी काढून देणार.

मला हे काम मनापासून आवडायचं. पसारा आवरल्यासारखं वाटायचं. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या टायपिस्टपेक्षा आणि कंपाउंडरपेक्षा आपल्याला जास्त कळतं, असंही वाटायचं.

पहिली डोकेदुखी तारखांची. निम्म्या कामगारांची जन्मतारीख एक जून. शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली. काहींचं नुसतं साल, काहींची "लग्नाच्या वेळी वीस". तारखेचा रकाना असलं काही पोटात घेत नाही, त्याला दिवस, महिना, वर्ष तिन्ही लागतं. मी एकेकासाठी पर्सोनेल साहेबांच्या दारात उभी राहायचे. याचं काय लिहू, त्याचं काय लिहू. आठवडाभर त्यांनी सहन केलं. मग एका दुपारी भरल्या ऑफिसात म्हणाले, "प्रत्येक गोष्ट मला विचारूनच करायची असेल तर तुला कशाला ठेवली? मुंबईहून साहेब परवा बघायला येतायत." समोरचे दोन क्लार्क हसले. माझे कान तापले. आता मेले तरी विचारणार नाही, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी रक्ताच्या रकान्यावर प्रोग्राम अडला. अक्षरांतून अंकांत माल जात होता, सरळ जात होता, आणि एका ओळीवर थांबला. तिथे आकडाच नव्हता. "भेटा" असं लिहिलं होतं. शोधलं तर अशा तीन ओळी निघाल्या. अडीचशे माणसांत तीन. त्यांतली दोन माणसं काम सोडून गेलेली, त्यांची नावं मी काढून टाकली. तिसरे काका.

मी नाव बघितलं होतं. हे मला टाळता येणार नाही. मी ते नाव वाचलं, ओळखलं, आणि मला वाटलं, रक्त द्यायचं राहिलं असेल यांचं, म्हणून कंपाउंडरने "भेटा" लिहून ठेवलंय. कंपाउंडर शिमग्याला गावी गेला होता, चार दिवसांनी येणार होता. चार दिवस थांबायचं. किंवा वर जाऊन साहेबांना विचारायचं. किंवा संध्याकाळी एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला विचारायचं, काका, तुम्ही रक्त दिलं होतं का? माझी जीभ झिजली नसती.

अक्षरांचा अंक करणारं एक फंक्शन असतं. त्याला "३२" दिलं तर ते बत्तीस देतं. त्याला अंक नसलेलं काहीही दिलं तर कुरकुर न करता शून्य देतं. मी ते लावलं. प्रोग्राम सरसर शेवटपर्यंत गेला. काकांच्या नावापुढे शून्य पूर्णांक शून्य आलं. रकाना रिकामा ठेवायची सोय त्या अंकी रकान्यात नव्हतीच, काही नाही म्हटलं तरी तो शून्यच धरायचा. मला ते तेव्हाही माहीत होतं.

मुंबईच्या साहेबांसमोर मी एक बटण दाबलं आणि प्रिंटर किरकिरत यादी ओकायला लागला. कमी आकडा वर, जास्त खाली. साहेब खूश. पर्सोनेल साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला त्यांनीच शिकवलं होतं. कंपाउंडरचं रजिस्टर त्याच दिवशी कपाटात गेलं. डॉक्टरने कॉम्प्युटरची यादी बघितली आणि प्रत्येक पानावर सही केली. यादी नोटीस बोर्डावर लागली. सगळ्यात वर काकांचं नाव.

दुसऱ्या दिवशी खांबला काका गाडीत चढले ते ओरडतच. "बाय, तुझ्या कॉम्प्युटरनं मला पास केला!" अख्ख्या एसटीने वळून बघितलं. यार्डातली पोरं त्यांना "शुद्ध तूप" म्हणायला लागली होती. पुढच्या सोमवारपासून ते पिवळ्या प्लांटमध्ये गेले. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता, की घरी जाताना पेणला मी जिलेबी घेतली.

कंपाउंडर शिमग्याहून परत आला. त्याने बोर्ड वाचला. त्याला आश्चर्य वाटलं, हे त्याने मला फार नंतर सांगितलं. पण त्याने विचार केला, मध्ये नवा रिपोर्ट आला असेल, कॉम्प्युटरात आहे म्हणजे बघूनच टाकलं असेल. तोही विचारायला आला नाही. रजिस्टर काढून घेतल्याचा राग होता त्याला, आणि तो राग मला समजतो.

पावसाळा लागला. काकांच्या भुवया पिवळ्या झाल्या आणि चेहरा त्याहून फिका. पोटात कळ येते म्हणायचे, ओवा खायचे. भाकरीचा तुकडा मला द्यायचे आणि उरलेलं तसंच बांधून ठेवायचे. आषाढात एकदा कंडक्टरला पैसे देताना त्यांनी डावा हात पुढे केला. उजव्याला काय झालं विचारलं तर म्हणाले, "सांधा धरलाय. पावसाचा व्हतो असा." मी हात बघितला. मनगट वर उचलत नव्हतं, पंजा खाली लोंबत होता. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. ते म्हणाले, "आता दाखवलं तर बाहेर काढतील. दोन महिने तर ऱ्हायलेत." मला वाटलं, शून्यवाला माणूस आहे, शिसं असणार नाही.

मग नवे रिपोर्ट आले. माझं तीन महिन्यांचं काम वाढवून मिळालं होतं आणि आता ते मीच भरत होते. काकांच्या नावापुढे मी आकडा टाकायला गेले तर तो बसेना. रकाना मी नव्व्याण्णवपर्यंतचाच केला होता, त्याच्या वर कुणाचं जाईल असं मला वाटलंच नव्हतं. त्यापेक्षा मोठा आकडा आला की मशीन तिथे नुसत्या चांदण्या दाखवायचं. मी त्या चांदण्यांकडे बघत बसले. मग पहिल्यांदा जिना उतरून कंपाउंडरच्या खोलीत गेले आणि विचारलं, रजिस्टरात तुम्ही "भेटा" लिहायचात ते कशासाठी?

तो औषधाच्या पुड्या बांधत होता. बांधता बांधताच म्हणाला, "ज्याचा लय वर गेला, त्याचा आकडा मी लिवत नव्हतो. रजिस्टर टेबलावर उघडं असतं, गोळ्या न्यायला आलेला जो तो वाचतो. माणूस घाबरतो, घरी कळतं, बायका रडत येतात. म्हणून भेटा. म्हंजे डॉक्टरला भेटा. डॉक्टरला तेवढं कळायचं, तो माणसाला गुपचूप यार्डात ठेवायचा." मग त्याने पुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "का गो? तू काय लिवलंस?"

मी सांगितलं. त्याने बसायचं स्टूल पुढे सरकवलं, पण मी बसले नाही.

त्याने कपाटातून जुना रिपोर्ट काढला. काकांचा आकडा तेव्हाच चाळिसाच्या जवळजवळ दुप्पट होता, बॅटरीच्या शेडमधून घेऊन आलेला. सगळ्यात जास्त विष अंगात असलेल्या माणसाला मी यादीत सगळ्यात वर, सगळ्यात शुद्ध म्हणून बसवलं होतं. आणि त्याने मला त्याबद्दल दुवा दिला होता.

मी वर जाऊन पर्सोनेल साहेबांना सगळं सांगितलं. रडत सांगितलं. साहेबांनी आधी दार लावलं. ते ओरडले नाहीत, उलट फार गोड बोलले. म्हणाले, "चूक कळली ना? मग दुरुस्त कर. खरा आकडा टाक, नवी प्रिंट काढ, जुनी यादी फाडून टाक. खरंच तर लिहायचंय आपल्याला." मला ते पटलं. खरा आकडा लिहिण्यात वाईट काय? मी रकाना रुंद केला. शून्याच्या जागी खरा आकडा टाकला. जुनी यादी बोर्डावरून काढली आणि फाडली. बारीक तुकडे केले. पुढच्या महिन्यात माझी परमनंटची ऑर्डर निघाली.

काकांना मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं. दीड महिना ठेवलं. शिसं उतरवायची इंजेक्शनं दिली. पोट सुधारलं, हात सुधारले नाहीत, उजवा गेला होता आणि त्याच्या मागोमाग डावाही. टेंपररी माणूस, कंपनीने नाव कमी केलं.

दिवाळीनंतर मी खांबला गेले. सगळं सांगायचंच, असं ठरवून गेले होते. काका ओटीवर बसलेले. काकू त्यांना भात भरवत होत्या, मला बघून घाईने ताट आत नेलं. काकांनी "ये बाय" म्हणून हात उचलायला घेतला, कोपर वर आलं, पंजा खालीच राहिला. मग त्यांनी तो मांडीवर ठेवून दिला.

चहा झाल्यावर काकू जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "कंपनीनं लिवून दिलंय, रोग आधीचाच हाय म्हणून. बॅटरीच्या शेडमधला. आमच्या प्लांटनं काय केला नाय म्हणतात. कॉम्प्युटरात तसा आकडा हाय म्हणं त्यांचा, आत जायच्या आधीचा."

तो आकडा मी माझ्या हाताने टाकला होता. खरा होता.

"युनियनवाला म्हणतो," काकू पुढे म्हणाल्या, "बोर्डावर लागलेला तो पयला कागद आणा. त्याच्यात यांच्या नावापुढं शून्य व्हता, समद्यांनी बघितलाय. रक्त शुद्ध व्हता तेव्हाच आत घेतला ना? मग रोग आतच लागला. तो कागद तेवढा काढून दे बाय. तुझ्याच हातचा हाय ना."

मला तेव्हा बोलता आलं असतं. तो कागद खोटा होता, पण त्यामागचं खरं त्या कागदाहून मोठं होतं. कंपनीकडे या माणसाचा रिपोर्ट आधीपासून होता, डॉक्टरला माहीत होतं, तरी त्याला आत पाठवलं, आणि ते माझ्यामुळे. एवढं मी एका कागदावर लिहून खाली सही केली असती तर युनियनवाल्याला दुसरं काही लागलं नसतं. कंपाउंडरही बोलला असता, तो तसा माणूस होता. मी हे सगळं त्या ओटीवर बसून, चहाचा कप हातात धरून मनात नीट मांडलं. आणि म्हणाले, "तो कागद आता निघत नाही काकू. नवीन आला की जुना जातो."

"मशीनमधून पण नाय निघत?"

"नाही."

काकू काही बोलणार होत्या. काकांनीच त्यांना थांबवलं. "नको गो तिला तरास देऊ. कागद दिला तर तिचीच नोकरी जायाची." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "केलं का तुला परमनंट?"

मी म्हटलं, केलं.

"बरं झालं," काका म्हणाले. "आपल्या गाडीतलं एक तरी झालं." आणि ते खरोखर खूश दिसत होते.